चालतं इंजिन उतरवणारा माणूस

दादा,

लोक तुझ्याबद्दल काय बोलतात ते आधी सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं तरी थंड होईल. तुझ्या तेराव्याची जेवणं उरकली आणि अंगणात हात धुता धुता आपलाच एक काका दुसऱ्याला म्हणाला, "पोरगा हुशार होता, पन शेवटी शेवटी डोकं फिरलं त्याचं. बहिनीच्या ट्रकचं चांगलं चालतं इंजिन उतरवून ठेवलं. आता ती काय करनार हाय?" मी तांब्या घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. तू मला ओळखतोस. मी विचारलं, "काका, पोटभर जेवलात ना? मंग निगा आता." ओट्यावरून बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. एरवी मोठ्या माणसाशी असं बोलले असते तर त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं असतं.

खरं सांगायचं तर काकांचं अर्धं बोलणं खोटं नव्हतं. तू खरोखरच चालतं इंजिन उतरवलंस. त्यावरून आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि तू गेलास म्हणून मी हरले असं समजू नकोस. पण तू गेल्यानंतर काही गोष्टी मला कळल्या आणि काही घडल्या. त्या तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बोटवाल्याच्या घरात जन्मून तुझं लक्ष कधी जाळ्यात नव्हतं. बाबा तुला दर्यावर न्यायचे, आणि तू बोटीत पाऊल ठेवलंस की जाऊन बसायचास ते इंजिनाजवळ. "वर म्हावरा येतंय आनि ह्याचं तोंड खाली," असं बाबा दातिवऱ्यातल्या प्रत्येकाला सांगत फिरायचे. बोटीचं इंजिन खोकलं की तू कान लावायचास आणि कुठं दुखतंय ते सांगायचास. पुढे बोईसरच्या कारखान्यांजवळ सालवडला गॅरेज टाकलंस, कुंभवलीला घर केलंस, तेव्हा बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. आणि बोलले तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला? "तिथं वारा कुठला लागतो रं तुला?" तू म्हणालास, "वारा हाय बाबा, पन त्यात काय काय मिसललंय ते नाकाला इचारावं लागतं." तेव्हापासून कारखान्यांच्या चिमण्यांना शिव्या देणं हा तुझा रोजचा चहासोबतच्या खारी-बिस्किटांसारखा नेम होऊन बसला.

मला गावातच दिलं, बाबांच्या घरापासून हाकेवर. माझा नवरा बोटीवर, मासळी किनाऱ्यावर, आणि ती बाजारात न्यायला दुसऱ्याचा टेम्पो. तो टेम्पोवाला यायचा त्याच्या मर्जीनं. एकदा बर्फ विरघळून पापलेटांची वाट लागली आणि मी घरात सांगितलं की आपला ट्रक घ्यायचा आणि तो मी चालवणार. सगळे हसले. तू हसला नाहीस. सुट्टीच्या दिवशी कारखान्यांमधले रुंद रस्ते मोकळे असायचे, तिथे तू मला शिकवलंस. मी पुढे बघून चालवायचे आणि तू ओरडायचास, "आरशात बग, बाय, आरशात! पुडचं तर म्हशीला पन दिसतं." मी रागानं गाडी थांबवून उतरायचे, तू वाट बघायचास, मग मी परत चढायचे. आज मी हा सहा चाकांचा ट्रक जेट्टीच्या बोळातून एका दमात मागे घेते ते तुझ्यामुळे. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं कुणी म्हणत नाही.

ट्रक वापरलेला होता, पण नव्या जातीचा. धूर आतल्या आत साफ करणारं सगळं यंत्र त्याच्या पोटात. डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी बघून माझा नवरा म्हणाला होता, "ह्यो ट्रक हाय का भाताचं शेत?" दोन वर्षं ट्रकनं कुरकुर केली नाही. मग एक दिवस समोर पिवळा दिवा लागला. तू मशीन लावून तो पुसलास, परत लागला. मग तर दर आठवड्याला लागायला लागला, आणि तो लागला की इंजिनाची ताकदच जायची. आधी अंग मोडून काम करणारा माणूस एकदम संपावर गेल्यासारखं व्हायचं. तांदुळवाडीच्या घाटात मी भरल्या मासळीसकट अडकले तो दिवस तुला आठवत असेल. बर्फाचं पाणी रस्त्यानं वाहत होतं आणि मागचे ट्रकवाले उतरून मला सल्ले देत होते. गाडी ओढत तुझ्या दारात आणली आणि मी चावी तुझ्या हातात आपटली.

"काडून टाक ते," मी म्हटलं. "जुनं इंजिन बसव. दिवे नको, युरिया नको, काय नको."

"कागदात बसत नाय ते, बाय. पकडलं तर?"

"पकडलं तर बगू. सिझन चाललाय माझा."

तू नाही म्हणालास, दोनदा म्हणालास. पण तिसऱ्यांदा म्हणताना तुझी नजर गॅरेजच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे मोडीत निघालेल्या एका म्हाताऱ्या ट्रकचं इंजिन तू प्रेमानं खोलून, धुऊन, परत बांधून ठेवलं होतंस. कशासाठी, ते तुलाही माहीत नव्हतं. दादा, तुझ्या डोळ्यांत तेव्हा जी चमक आली ती मी ओळखली. तुझ्यासमोर मी हट्ट धरला हे खरं, पण तुझा हातही शिवशिवत होता.

ते काम बघायला माणसं यायची. नव्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि जुनं इंजिन यांची तोंडं जुळेनात, तेव्हा तू लेथवर जाऊन मधली जाड पट्टी स्वतः समोर उभं राहून करून घेतलीस. पायाखालच्या विजेच्या पेडलच्या जागी केबल ओढलीस. चेन-कप्पीनं इंजिन खाली सोडताना तू एका हातानं त्याला असा धरून होतास की जणू न्हाऊमाखू घातलेलं बाळ पाळण्यात ठेवतोयस. शेवटी नारळ फोडला आणि पहिल्या हिसक्याला ते सुरू झालं. काय आवाज होता तो! तुझे इलेक्ट्रिशियन पांडेजी, एरवी ज्यांना समोर स्क्रीन नसली की करमत नाही, तेसुद्धा म्हणाले, "उस्ताद, यह तो गाता है." आणि बंद करायचं तर चावी काढून भागायचं नाही, डॅशबोर्डखालची मूठ ओढायची. ती मूठ ओढायला मला फार आवडायचं. मोठ्या जनावराचा लगाम आपल्या हातात आहे असं वाटायचं.

सबंध हिवाळा ती गाडी एकदाही रुसली नाही. घाटात मी इतरांना मागे टाकून जायचे. तुझं नाव मनोरपासून डहाणूपर्यंत झालं, ट्रकवाले तुझ्याकडे रांग लावायला लागले, "हमारा भी कर दो" म्हणून. मी गावात छाती काढून सांगायचे की हे माझ्या भावानं केलंय. अजूनही सांगते. असलं काम दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

मग तू त्या रविवारी घरी जेवायला आलास.

आपल्याकडे गाडी मागे घेत घेत थेट बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपर्यंत न्यायची पद्धत आहे. टोपल्या उचलायला बायकांना जवळ पडतं, आणि भरून होईपर्यंत इंजिन चालूच असतं. त्या दिवशी मी गाडी मागे घेत होते आणि तू काठ्यांजवळ उभा राहून बघत होतास. माझ्या गाडीचा आवाज कानावर पडताच बायका उठल्या. हातातलं काम टाकून धावल्या, आणि जुनी लुगडी, प्लास्टिक, जे मिळेल ते बोंबलांवर पसरायला लागल्या. मला आरशात हे रोज दिसायचं. मी त्यांना म्हणायचेही, "एवढं काय गो? चुलीवर भाजताना धूर लागत नाय का?" त्या हसायच्या आणि झाकायच्या.

त्या बायकांतली थोरली, काशीमावशी, मात्र त्या दिवशी हसली नाही. तिनं काठीवरची एक जोडी काढली, तोंडात तोंड अडकवलेले दोन बोंबील, आणि तुझ्या हातात दिली. म्हणाली, "अंगटा फिरव." तू फिरवलास. अंगठा काळा झाला. "आता वास घे." तू घेतलास. मग ती तिच्या नेहमीच्या सुरात, न चिडता बोलली, "बोईसरच्या चिमन्यांना तू रोज शिव्या घालतोस असं तुजी बहीन सांगते. मंग आमच्या अंगनात ही चिमनी आनून लावली ती कोनी रं?"

तिथे हशा पिकला, मीही हसले. तू नाही हसलास. घरी तुझ्या आवडीचं कालवण होतं, तू चार घास खाल्लेस आणि हात धुतलास. निघताना ओट्यावर चपला घालताना म्हणालास, "पावसाल्यात गाडी माज्याकडे आन. हे इंजिन उतरवतो."

आणि आपलं भांडण तिथे सुरू झालं. मी म्हटलं, गाडी चालतेय ना? तू म्हणालास, चालतेय म्हनून काय झालं. मी म्हटलं, हायवेला सगळ्या गाड्या काळा धूर सोडतात, त्यांना कोण विचारतो? तू म्हणालास, त्या मी बांधल्या नाय. मी म्हटलं, बोंबील झाकून घेतात त्या, सवय झालीय त्यांना. त्यावर तू जे बोललास ते मला फार लागलं. "माजा आवाज आयकून बायका पळतात, बाय. त्या इंजिनाचा आवाज म्हंजे माजाच आवाज हाय ना?" मला ते तेव्हा पटलं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही. पोट भरणारी गाडी आणि धूर यांच्यात मी आधी पोट बघते. मी तुझ्यासारखी नाही.

मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, आणि कबूल केल्याप्रमाणे मी गाडी तुझ्याकडे सोडली. मला वाटलं, नवं इंजिन होतं तसं परत बसवायला किती वेळ लागतो? पण दिवस जात राहिले. फोन केला की एकच उत्तर, "वायरिंग सडलंय. नवं बांदतोय." नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, बोटी गेल्या, मासळी आली, आणि माझा ट्रक सालवडला तुझ्या पत्र्याखाली उघड्या पोटानं बसलेला. मी परत त्याच टेम्पोवाल्याच्या दारात. गणपतीत तू आलास तेव्हा मी तुझ्या ताटात मोदक वाढले पण तुझ्याशी बोलले नाही. तू जाताना माझ्या डोक्यावर टपली मारलीस. म्हणालास, "रविवारी चालू करू. तू ये. सेल्फ तूच मारायचा."

रविवार उजाडायच्या आत पांडेजींचा फोन आला. सकाळी गॅरेज उघडून, हत्यारांच्या पेटीवर बसून तू चहा घेत होतास, आणि पेला खाली ठेवलास, इतकंच. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. दुसऱ्यांच्या इंजिनाला कान लावून रोग सांगणारा माणूस तू, स्वतःच्या छातीत काय वाजतंय ते तुला ऐकू आलं नाही. ह्या गोष्टीचा मला तुझ्यावर भयंकर राग आहे आणि तो राग कुठं ठेवायचा ते मला कळत नाही.

तर तेरावं झालं, काकांना मी घालवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सालवडला गेले. ट्रक तसाच उभा होता, तुझा रुमाल आरशाला बांधलेला. पांडेजींनी दोन खुर्च्या ओढल्या आणि मला एक पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत वायरीचे तुकडे होते, तांब्याचे केस बाहेर आलेले, कडा कुरतडलेल्या.

"दीदी, उस्ताद ने बताने को मना किया था. पर अब आप से क्या छुपाना." ते थांबले. "चूहे हैं. इंजन में कुछ खराबी थी ही नहीं."

मग हळूहळू सगळं कळलं. दरवर्षी बाबा बोटीच्या लाकडाला माशाचं तेल चोपडतात, लाकूड खाऱ्या पाण्यात टिकावं म्हणून. त्यांच्या बापानं केलं, त्याच्या बापानं केलं. ट्रक घरात आला तेव्हा बाबांनी उरलेलं तेल हौसेनं त्याच्या खालच्या अंगाला लावलं. होडीला चालतं तर हिला का नको? खारा वारा तिलाही लागतोच की. दर वर्षी, सबंध खालच्या सांगाड्याला, मायेनं, कुंचल्यानं. आणि त्या वासानं गावातले उंदीर रात्रीचे ट्रकच्या पोटात जमायचे. तेल चाटता चाटता वायरी कुरतडायचे. म्हणून तो पिवळा दिवा. म्हणून तो घाट. दातिवऱ्याबाहेरच्या कुठल्या माणसानं असली चूक केली असती का सांग! मला हसू फुटलं, दादा. तुझ्या गॅरेजात, तुझ्या रुमालासमोर बसून मी इतकी हसले की पांडेजी घाबरून पाणी घेऊन आले. मग ते हसणं रडण्यात कधी गेलं ते मला समजलं नाही.

तू हे मला सांगितलं असतंस तर माझा राग एका क्षणात उतरला असता. गावातले लोक तुला वेडा म्हणाले नसते. पण मला सांगितलं असतंस तर मी घरी जाऊन ते बाबांसमोर बोलले असते. तू मला चांगलं ओळखत होतास. म्हणून तू "वायरिंग सडलंय" एवढंच म्हणत राहिलास आणि सगळ्या वायरी नव्यानं बांधल्यास. पांडेजींनी मला खाली वाकून दाखवलं. प्रत्येक वायर नळीत घातलेली, खालून उडणाऱ्या पाण्यापासून वर उचललेली, आणि जागोजागी नायलॉनच्या सुतळीनं बांधलेली. गाठ कुठली? जाळं विणताना बाबा घालतात ती. तुझं लक्ष जाळ्यात नव्हतं असं आम्ही समजत होतो.

शेजारी एक नवा, बंद डबा होता. गाडीच्या खालच्या अंगाला लावायचं काळं, गंज धरू न देणारं मलम. "बाबूजी के लिए," पांडेजी म्हणाले. "बोले थे, बाबूजी को देना, कहना गाड़ी का तेल यही है."

मग मी वर चढले. डॅशबोर्डखाली त्या जुन्या मुठीचं भोक होतं. ते तू जाळं तरंगत ठेवणाऱ्या बुचाचा तुकडा कोरून बंद केलं होतंस. मी त्याच्यावर बोट ठेवलं. पांडेजी समोर येऊन म्हणाले, "दीदी, सेल्फ मारिए." हे सुरू झालं नाही तर काका खरा ठरणार होता आणि तू सांगायला नव्हतास. मी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, आणि एकेक करून विझले. पिवळाही विझला. इंजिन सुरू झालं होतं आणि मला ते कळलंच नव्हतं, एवढा हलका आवाज. पांडेजींनी मागे जाऊन आपला रुमाल सायलेन्सरला धरला, बराच वेळ धरला, आणि तो खिडकीतून माझ्या हातात दिला. रुमाल कोरा होता. कोपऱ्यात तुझं ते गाणारं इंजिन तसंच उभं होतं. एक ट्रकवाला ते मागायला आला होता म्हणे, मागशील ते पैसे देतो म्हणाला. तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. पांडेजींनी विचारलं, इसका क्या करें? मी म्हटलं, राहू द्या, पुसत जा.

गाडी घरी आणली. बाबा ओट्यावरून उठून आले, चाकांना हात लावला, मग कुंचला शोधायला लागले. पाऊस संपला की करायचं काम आहे ते त्यांचं. मी डबा पुढे केला आणि तू सांगितलेलं वाक्य बोलले, "बाबा, गाडीचं तेल हेच." त्यांनी झाकण उघडलं, नाक लावलं, झाकण परत ठेवलं.

"हे म्हावऱ्याचं तेल नाय."

मी कुंचला शोधून त्यांच्या हातात दिला.

"मला वास कलत नाय असं वाटलं काय त्याला? जनम गेला माजा त्यात." ते खाली बसले. चाकाला टेकून, कुंचला मांडीवर. "उंदीर मी पन बगितले होते, बाय. दोन पावसाल्यांपूर्वीच. मला लाज वाटली बोलायची. मंग त्याला कललं, आनि तो पन बोलला नाय. मला वाटलं, बोलंल एक दिस. मी वाट बगत होतो."

तुम्ही दोघे कमालीचे आहात. एक बाप, एक मुलगा, दोघांना सगळं ठाऊक, आणि मधल्यामधे मी भांडतेय, गाव तुला वेडा ठरवतंय. मी तसं बोललेही. बाबांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "भांडलीस ते बरं केलंस. तो घरी येऊन मला सांगायचा, माजी बहीन सोडत नाय, खरी बोटवाली हाय." मग त्यांनी डब्यात कुंचला बुडवला आणि गाडीखाली आडवे झाले. पुढून मागेपर्यंत, एक जागा न सोडता, तेल लावावं तसं तुझं मलम लावलं. एवढ्या वयात. मी त्यांना उठवलं नाही. तू असतास तर तूही उठवलं नसतंस.

दादा, मी आयुष्यात बऱ्याच माणसांना नवी गोष्ट करताना बघितलंय. आपण केलेली, नाव मिळवून देणारी, चालू गोष्ट आपल्या हातानं मोडून ठेवणारा मी एकच बघितला. तो माझा भाऊ होता. काकांना मी हेच सांगणार आहे, पुढच्या वेळी जेवायला आले की. मला तुझा अभिमान आहे. आपल्यात असलं कुणी म्हणत नाही, पण आता मी म्हटलंय.

आणि काल. ऊन चांगलं पडलं होतं, पावसानंतरचे पहिले बोंबील काठ्यांवर चढले होते. मी गाडी घेऊन बोळात शिरले, वळवली आणि मागे घ्यायला लागले. नजर आरशात, तू शिकवल्यासारखी. काठ्यांखाली बायका बसल्या होत्या, बोलत होत्या. जुनी लुगडी बाजूला घडी करून ठेवलेली मला दिसत होती. मी वाट बघत होते कधी त्या उठतात त्याची. गाडी मागे सरकत होती, मी मुद्दाम पेडल थोडं दाबलं. एकीनं तोंडातलं पान थुंकलं. दुसरीनं टोपली आपल्याकडे ओढली. लुगड्यांना कुणीही हात लावला नाही. काशीमावशीनं बसल्या जागेवरून मान वळवली, माझ्याकडे नाही, सायलेन्सरकडे बघितलं, आणि मग हात वर करून मला खूण केली.

"ये गो बाय," ती म्हणाली, "अजून मागं ये."

मी गाडी अजून मागे घेतली.